सुट्टीत घरचं माणूस वेगळंच निघतं: तुमचं ठिकाण कोणतं?

कपाट आवरताना एक फोटो हाती लागला. माथेरान, मे १९८९. बाबा घोड्यावर बसलेत आणि लगाम धरून उभा असलेला घोडेवाला कंटाळून दुसरीकडेच बघतोय.

बाबांना ओळखणाऱ्यांना हा फोटो खोटा वाटेल. एका टप्प्याचे पैसे वाचावेत म्हणून दोन थांबे आधी उतरून घरी चालत येणारा माणूस. लग्नपत्रिकांची पाकिटं उसवायची, उलटी करायची आणि त्यांवर हिशेब लिहायचा, ही त्यांची पद्धत. असा माणूस माथेरानला दोन दिवस घोड्यावरून हिंडला. आम्हा भावंडांना घोडा नाही, आईला नाही, फक्त स्वतःला! आम्ही तिघं मागून लाल धुळीत पाय ओढत. का, तर म्हणे नवे बूट चावतात.

त्याच सहलीत आणखी एक झालं होतं. नेरळहून वर जाणारी ती दोन फुटी रुळांवरची गाडी १९०७ पासूनची आहे आणि २१ किलोमीटरला दोन तासांच्या वर घेते. चढावर तर चालणारा माणूस तिला सहज गाठेल. बाबा दाराशी उभे होते. एका वळणानंतर बघतो तर दारात बाबा नाहीत. आई एकदम खिडकीबाहेर तोंड करून बसली. वॉटर पाईप स्टेशनात गाडी थांबली आणि पाचेक मिनिटांनी बाबा मागच्या डब्याकडून आले, हातात रुमालभर करवंदं. "उडी मारली, करवंदं तोडली आणि मागच्या डब्यात चढलो," म्हणाले. शाळेत पुढची दोन वर्षं मी या गोष्टीवर भाव खाल्ला.

तर विचारायचं ते असं. कुटुंबासोबतची एखादी सुट्टी, जिथे आपलंच माणूस आपल्याला नवीन दिसलं. एकच ठिकाण, एकच आठवण. काय काय पाहिलं याची यादी नको, ती कुठेही मिळते. बाबा आता नाहीत, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून केली. पुढचं तुम्ही लिहा.

*

वेरूळ, मंगळवार.

जाणकार इथेच हसतील. २००३ ची दिवाळीची सुट्टी. आमचे वडील तीन महिने वहीत सहल आखत होते. गाडीच्या वेळा, मुक्काम, कुठल्या लेण्याला किती मिनिटं, सगळं रकाने पाडून. सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ. सोमवारी औरंगाबादहून (तेव्हा नाव तेच होतं) शंभर किलोमीटर जाऊन पोचलो, तर अजिंठा सोमवारी बंद. समोरच्या डोंगरावरून वाघूर नदीचं घोड्याच्या नालासारखं वळण आणि त्यावर ओळीनं लेण्यांची दारं दिसली, तेवढीच. १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला शिकारीला आला असताना ही लेणी दिसली, असं बाबांनी आम्हाला अजिबात न डगमगता सांगितलं. म्हणजे आपण मूळ पद्धतीनंच पाहतोय, असा सूर. आई म्हणाली, "उद्याचं एकदा कुणाला तरी विचारून घ्या." बाबा म्हणाले, त्यात काय विचारायचंय?

वेरूळ मंगळवारी बंद असतं.

फाटकाशी बाबा वही उघडून उभे राहिले, जणू चूक वेरूळची आहे आणि वहीत बघून ती दुरुस्त होईल. मग शेजारी घृष्णेश्वराचं दर्शन घेतलं आणि खुलताबादला भद्रा मारुतीला गेलो. तिथली मूर्ती झोपलेली आहे. आई हात जोडून म्हणाली, "मारुतीसुद्धा पडलाय. तुम्हीही जरा पाठ टेका आता." बाबा देवळाच्या बाहेर दगडावर बसले आणि हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यांना असं हसताना मी आधी पाहिलं नव्हतं.

२०१९ ला पुन्हा गेलो, गुरुवारी. कैलास लेण्यात उभे राहून ते नातवाला समजावत होते की हे कळसापासून पायाकडे, वरून खाली कोरत आणलंय, आठव्या शतकात, राष्ट्रकूटांच्या कृष्ण पहिल्याच्या काळात. "एकदा दगड उडाला की परत लावता येत नाही. त्यामुळे आधी आखणी नीट लागते." हे त्यांनी सरळ चेहऱ्यानं म्हटलं. आमच्यापैकी कुणाचीही एकमेकांकडे बघायची हिंमत झाली नाही.

*

आम्ही मार्चमध्ये वेळासला गेलो होतो. मंडणगड तालुक्यातलं, कासवांचं गाव. मी, नवरा, सहा वर्षांची मुलगी आणि माझी आई.

आई सगळी नोकरी बाळंतपणाच्या वॉर्डात सिस्टर होती. शेकड्यांनी पोरं तिच्या हातावर आली असतील, पण घरी येऊन एकाचंही कौतुक तिनं केल्याचं मला आठवत नाही. घरी आली की हात धुवायची आणि कुकर लावायची.

ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात निघून जाते. कोल्ही, कुत्री आणि माणसं यांच्यापासून वाचवायला ती अंडी उचलून कुंपणात तशाच खड्ड्यांत ठेवतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ मध्ये हे काम सुरू केलं आणि पुढे गावानंच ते आपलं केलं. पिल्लं साधारण पन्नास दिवसांनी बाहेर येतात. ती नक्की कुठल्या दिवशी येतील हे कुणी सांगू शकत नाही. सकाळी आणि संध्याकाळी कासवमित्र, म्हणजे अंडी राखणारे गावकरी, खड्ड्यावर झाकलेली टोपली उचलून बघतात.

पहिल्या संध्याकाळी टोपली उचलली, खाली नुसती वाळू. दुसऱ्या सकाळीही तेच. लोक कुरकुरायला लागले, एक गृहस्थ तर पैसे वाया गेल्याचं मोठ्यानं बोलले. आई त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "कळा सुरू झाल्याशिवाय घाई करून चालत नाही." वॉर्डातला आवाज. गृहस्थ गप्प.

त्या संध्याकाळी तेवीस निघाली. मी नाही मोजली, आईनं मोजली, दोरीशी पुढे जाऊन, मोठ्यानं. पिल्लांना पाण्यात नेऊन सोडत नाहीत. अलीकडे वाळूवर ठेवतात आणि ती आपली आपण चालत जातात. एक मागे राहिलं होतं. दोन पावलं टाकायचं, थांबायचं. लाटेनं ते उचलेपर्यंत आई जागची हलली नाही. बाकीचे चहाला गेलेसुद्धा.

मुलीनं विचारलं, यांची आई यांना न्यायला येत नाही का? कासवमित्र म्हणाला, नाही, ती कधीच परतून बघत नाही. आई म्हणाली, "ड्यूटीवर गेली असेल."

रात्री ज्यांच्या घरी उतरलो होतो त्यांच्या ओटीवर गाद्या टाकल्या होत्या. अंधारात आईनं मला पहिल्यांदाच सांगितलं, की मी तीन महिन्यांची असताना तिला रात्रपाळी लागली होती, आणि पहिल्या रात्री ती दुसऱ्यांची रडणारी बाळं खांद्यावर घेऊन वॉर्डभर फिरत राहिली होती.

*

मला थोडं कडू लिहायचंय. चालेल ना?

आम्ही दर मे महिन्यात महाबळेश्वरला जायचो. चार कुटुंबं मिळून एक बंगला भाड्यानं. सगळ्यांच्या आठवणी हिरव्यागार आहेत, भावंडं जमली की अजून विषय निघतो: वेण्णा तलावातली होडी, आर्थर सीटवरून खाली टाकलेलं बाटलीचं टोपण वाऱ्यानं परत वर आलं, ते. मला त्या सहलींमधली ट्रंक आठवते. तीत स्टोव्ह, रॉकेलचा डबा, पोळपाट-लाटणं, मसाल्याचा डबा, तांदूळ, डाळी. ट्रंक आधी गाडीत चढायची, मग माणसं.

सकाळी पुरुष आणि मुलं पॉइंट बघायला. आई, काकू आणि आत्या सतरा माणसांच्या पोळ्यांना. आम्ही परत यायचो ते थेट पानावर. दुपारी पुन्हा बाहेर. संध्याकाळी काकांना भजी.

२०१६ मध्ये मी आईला घेऊन गेले, दोघीच. वाटेत सहज विचारलं, तुला परत काय बघायचंय? ती म्हणाली, "परत म्हणजे?" नऊ वेळा महाबळेश्वरला जाऊन आलेल्या माझ्या आईनं एकही पॉइंट पाहिला नव्हता. जुन्या महाबळेश्वरचं देऊळसुद्धा नाही. तिला माहीत होती त्या बंगल्याच्या स्वयंपाकघराची खिडकी आणि बाहेरचं जांभळाचं झाड. आणि एक गोष्ट, जी आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हती. "इथे डाळ हट्टी होते," ती म्हणाली. "घरच्यापेक्षा जास्त वेळ घेते. पहिल्या वर्षी मला वाटलं वाण्यानं जुनी दिली." साडेतेराशे मीटर उंचीवर पाणी शंभर अंशांना नाही, ९५-९६ लाच उकळतं, मग डाळ शिजायला वेळ लागणारच. माझे काका कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. नऊ वर्षं तीच डाळ खाऊन त्यांच्या हे कधी लक्षात आलं नाही.

पंचगंगेच्या देवळात गेलो. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री या पाच नद्यांचा उगम तिथे मानतात आणि सगळ्यांचं पाणी एका गोमुखातून पडतं. आमचं घर सांगलीला, कृष्णेपासून चालत दहा मिनिटं. आईनं गोमुखाखाली हात धरला आणि बराच वेळ काढलाच नाही. मला वाटलं काही मागतेय. मग म्हणाली, "एवढीशीच आहे की इथे. हिच्याच पाण्यात तुझे लंगोट धुतलेत मी."

हॉटेलात ती पहाटे साडेपाचला उठून दोघींच्या चादरींच्या घड्या घालायची, मी झोपेतून ओरडायचे. पण रात्री जेवायला बसली की मेन्यूकार्ड स्वतःच्या हातात. तिसऱ्या दिवशी वेटर आला तेव्हा तिनं त्याला बसवूनच घेतलं, आणि तुमच्या आचाऱ्याला विचारून ये म्हणाली, दाल तडक्याला कुकरच्या किती शिट्ट्या करतो. तो आत जाऊन आला. सात. आईनं माझ्याकडे बघून मान हलवली, बघ, म्हणाले नव्हते?

काकांना मी अजून माफ केलेलं नाही. आईनं केलंय, असं ती म्हणते.

*

भंडारदऱ्याला काजवे बघायला जाऊ नका. आम्ही गेलो, पुन्हा जाणार नाही.

काजवे सुंदर आहेत, यात वाद नाही. मेअखेर ते पहिला पाऊस स्थिरावेपर्यंत सादडा, हिरडा, बेहडा अशी झाडंच्या झाडं एका तालात लुकलुकतात. पण तो उजेड म्हणजे नरानं मादीला घातलेली साद असते, आणि आपण तिथे हेडलाइट लावून, बॅटऱ्या मारून, गाणी लावून जातो. आमचा मेहुणा अकाउंट्समध्ये आहे. हॉटेलात भाजीत केस निघाला तरी वेटरला हाक मारायला लाजतो. त्या रात्री हा माणूस रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभा राहिला आणि पाऊण तास एकेका गाडीला दिवे बंद करायला लावत होता. शिव्या खाल्ल्या. एकानं अंगावर गाडी घालायची धमकी दिली, तरी हटला नाही. बहिणीला विचारलं, हा घरी असा असतो का? ती म्हणाली, असता तर काय हवं होतं.

*

आमचं ठिकाण म्हणजे एक खिडकी. मांडवी एक्सप्रेसची, ठाणे ते मडगाव. गोव्यात आम्ही फारसे रमत नाही. दोन दिवस राहायचं आणि दिवसाच्याच गाडीनं परत.

बाबा कोकण रेल्वेच्या बांधकामावर सुपरवायझर होते. आमचं बालपण त्यांच्याशिवायच गेलं. दोन-तीन महिन्यांतून एकदा यायचे, झोपायचे, जायचे. लाइन २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण सुरू झाली आणि बाबा घरी राहायला आले, तेव्हा मी अकरावीत होतो आणि मला त्यांच्याशी काय बोलावं ते कळत नसे. त्यांनाही नसावं.

मग त्यांनी आम्हाला गाडीत बसवलं. घरी दिवसाला दहा वाक्यं बोलणारा माणूस रोह्यानंतर थांबेचना. ही कटिंग कशी दोनदा खाली आली. या पुलाच्या पायात खडक कुठे लागला. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, आम्ही भावंडं तो संपेपर्यंत श्वास धरायची पैज लावायचो, बाबा म्हणाले, "त्यात आम्हालाच श्वास पुरत नसे." रत्नागिरी सुटली की ते उभे राहायचे आणि आम्हाला उभं करायचे, कारण पानवलचा पूल येणार. ६४ मीटर उंच. खाली नदी एखाद्या नाडीसारखी दिसते. पुलावर ते काही बोलत नसत, फक्त आमचे चेहरे बघत.

पेडण्याचा बोगदा आला की मात्र गप्प. करबुड्याच्या पावपटही नाही, पण सहा वर्षं खाल्ली त्यानं. खडक नाही, पाणी धरलेली मऊ माती. जेवढी काढावी तेवढी वरून आत यायची, आणि तीत माणसंही गेली. गाडी आत शिरली की बाबा हात कपाळाला लावतात. पहिल्या प्रवासापासून बघतोय, विचारलं कधी नाही. गेल्या वर्षी माझ्या मुलानं विचारलं, "आजोबा, इथे देऊळ आहे का?"

बाबा म्हणाले, "नाही. माणसं आहेत."

*

म्हशी असलेल्या घरात सहल नसते. वरचं सगळं वाचून लिहू की नको असं झालं, पण लिहितो. पहाटेची धार आणि संध्याकाळची धार, या दोन खुंट्यांना आमचं घर बांधलेलं. शाळेत 'मी पाहिलेले ठिकाण' असा निबंध आला की मी बाजार लिहायचो.

सातवीत असताना एकदाच सगळे मिळून गेलो, पन्हाळ्याला. कोल्हापूरपासून २० किलोमीटर, आमच्या गावापासून त्याहून थोडं जास्त. सकाळी दूध घालून निघायचं, संध्याकाळच्या धारेला परत. आप्पांना इतिहासात रस असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. आणि नव्हताच. गाईड सांगत होता, सिद्दी जौहरचा वेढा, १६६०, चार महिने महाराज गडावर अडकलेले. सगळे माना डोलावत होते. आप्पांनी विचारलं, "चार म्हैनं? मग जनावरास्नी वैरण कुठनं आणली?"

गाईड थांबला. त्याला हे कुणी विचारलं नसावं.

अंबरखान्यात तर आप्पा हलेचनात. धान्याची ती प्रचंड कोठारं, गंगा, यमुना, सरस्वती. जिन्यानं वर गेले, धान्य ओतायच्या झरोक्यातून खाली वाकून बघितलं, पावलांनी लांबी मोजली, उंदरांचा बंदोबस्त काय होता ते विचारलं, भिंतीला ओल धरती का म्हणून हात लावून बघितला. आई म्हणाली, "चला, म्हशी वरडत असतील." आप्पा म्हणाले, "वरडू द्यात जरा."

तेवढ्या एका वाक्यासाठी लिहिलं. संध्याकाळी धारेला आम्ही पाऊण तास उशिरा पोचलो. तसं पुन्हा कधी झालं नाही.

*

आमच्याकडे उलटं आहे. ऑगस्ट २०२२ पासून एसटीनं ७५ वर्षांवरच्यांना राज्यभर मोफत प्रवास दिला आणि आमची आजी घरात दिसेनाशी झाली. कापडी पिशवी, आधार कार्ड, डोक्याला स्कार्फ. कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट देतो, ती ते डायरीत चिकटवते. आजोबा असताना बाई कधी एकटी भाजीलाही गेली नव्हती. त्यांच्या फोटोला हार घालून निघते आणि रात्री कुठल्यातरी भाचीच्या किंवा भाचीच्या नणंदेच्या घरून फोन येतो.

या जानेवारीत मालवणहून आला. "अरे, समुद्राच्या मध्ये किल्ला, सगळीकडे खारं पाणी, आणि आत विहिरी गोड! दूधबाव, दहीबाव, साखरबाव. प्यायले मी. तुम्ही कधी येताय?" आता आमच्या सुट्ट्या अशाच ठरतात. आजी पुढे जाऊन ठिकाण पसंत करते, आम्ही शनिवार-रविवार गाठून तिच्या मागे. सिंधुदुर्गात होडीतून उतरताना मी हात पुढे केला, तर माझ्या हातात पिशवी देऊन ती स्वतः उतरली.

*

लोणार. आम्ही बुलडाण्याकडचे, म्हणून ते 'पर्यटन' कधी वाटलंच नाही. पाहुणे आले की दाखवून आणायची जागा.

माझे बाबा आणि काकाजी सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण धुरा. दोन शेतांमधला हातभर धुरा, आणखी काय असणार. मेहकरला आतेबहिणीचं लग्न होतं, दुसऱ्या दिवशी पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना लोणार दाखवायचं ठरलं आणि गाड्या भरताना गोंधळात दोघं एकाच गाडीत आले. पाऊण तास गाडीत कुणी खोकलंसुद्धा नाही.

काठावर उभं राहिलं की जवळपास पावणेदोन किलोमीटरचा तो गोल एकदम समोर येतो. पाहुण्यांना जून २०२० मधलं गुलाबी पाणी हवं होतं, ते काही नव्हतं. हिरवट, नेहमीचं. तेव्हा पाणी आटून खारेपणा वाढला होता आणि त्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग होता, असं मी सांगत होतो. मध्येच काकाजी माझ्या मुलाला म्हणाले, "हे ज्वालामुखीचं तोंड हाय बरं बाळा."

बाबा निवृत्त शिक्षक. धुऱ्यावर गप्प राहिले, इथे राहवेना. आकाशाकडे बघून म्हणाले, "उल्का. उल्का पडली होती."

"आमच्या टायमाले पुस्तकात ज्वालामुखी होता."

"पुस्तक बदललं. धडकेतच बनते अशी काच सापडली इथं, मॅस्केलिनाइट म्हणतात. सत्तरच्या दशकात."

"तू काय तवा हजर होता का उल्का पडली तं?"

"अन् तू होता का ज्वालामुखी फुटला तं?"

सहा वर्षांतलं हे त्यांचं पहिलं बोलणं. खाली उतरेपर्यंत चालू होतं, वर येईपर्यंत चालू होतं, दैत्यसूदनाच्या देवळात आत्यानं दोघांना बाहेर काढलं. पाहुण्यांना वाटलं भांडण पेटलं. आत्या म्हणाली, पेटू द्या.

धुरा तसाच आहे. बोलणं पुन्हा बंद. पण काकाजींनी परवा माझ्या मुलाजवळ एक काळा दगड पाठवला. "आजोबाले दे. म्हणा, ह्यात काच दाखव."

*

सगळं वाचून काढलं आणि रात्री आईला फोन केला. पेडण्याचा बोगदा आणि महाबळेश्वरची डाळ वाचून दाखवली. डाळीवर ती म्हणाली, माथेरानला पण होते. मग मी माझं वाचलं. बाबा, उडी, करवंदं.

फोनवर शांतता. मग आई हसायला लागली.

"उडी कुठली मारतायत? करवंदं तोडायला वाकले आणि पडले. गार्डानं हाताला धरून मागच्या डब्यात घेतलं. मी बघितलं ना, म्हणून तर तोंड फिरवलं, नाहीतर हसू आलं असतं मला तुमच्यासमोर."

आणि करवंदं?

"वॉटर पाईपला एक बाई द्रोण घेऊन बसली होती. आठ आणे."

मी विचारलं, मग घोडा? बूट चावत होते ना?

"घोटा सुजला होता डब्यासारखा. मला म्हणाले, पोरांना सांगू नकोस." ती थोडी थांबली. "त्या वेळचं पाकीट असेल बघ तुझ्याकडे. फोटोंच्या खालीच ठेवायचे ते."

होतं. कुणाच्यातरी लग्नाचं, आतल्या बाजूनं बाबांचं बारीक अक्षर. गाडीभाडं. मुक्काम. जेवण. चिक्की. आणि शेवटच्या ओळीत, 'औषधपाणी' या सदरात: घोडा, दोन दिवस.